काळ्या बाटलीपाशी अडकलेल्या डॉक्टरची जीपसाठी विनंती

प्रति,
मा. भांडार व वाहन अधिकारी,
आरोग्य शाखा, जिल्ह्याचे ठिकाण.

विषय: चौक गावच्या गॅरेजात दुरुस्त होऊन उभी असलेली रुग्णवाहक जीप आपल्या सहीने सोडण्याबाबत.
संदर्भ: कार्बन पेपरच्या अवाजवी वापराबद्दल खुलासा मागणारे आपले स्मरणपत्र.

महोदय,

१. आपण कार्बन पेपरबद्दल विचारले आहे, म्हणून अर्जदार आधी तेच सांगतो. कोंडाण्याची मोतीबाई धाप लागलेल्या अवस्थेत केंद्रात आली तेव्हा तिचा रक्तदाब यंत्राच्या पट्टीवर मावत नव्हता. मुंबईच्या तज्ज्ञांनी शिबिरानंतर ठेवून दिलेल्या सोडियम नायट्रोप्रुसाइडच्या कुप्या तेवढ्या हाताशी होत्या. हे औषध ग्लुकोजच्या बाटलीतून शिरेत थेंबथेंब सोडले की आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि दाब उतरतो. मात्र उजेड लागला की ते बिघडते. केंद्रात दुसरा काळा कागद नसल्याने बाटलीला कार्बन गुंडाळले. अर्जदाराचे हात, कोट आणि नाक सध्या काळे आहेत, ते त्यामुळेच.

२. औषध मिनिटात चढते आणि बंद केल्यावर तितक्याच लवकर उतरते. थेंब वाढले तर रोगी गार पडतो, कमी झाले तर पुन्हा धाप लागते. म्हणून अर्जदार एका हाताने थेंबांची चावी आणि दुसऱ्या हाताने रक्तदाबाचा पंप धरून बसला आहे. गोळ्या सुरू केल्या आहेत, पण त्यांचा जोर अजून पुरत नाही. ठिबक फार काळ चालू ठेवावी, तर या औषधातून अंगात सायनाइडचे विष साठते. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी गत झाली आहे.

३. अर्जदाराला जेवायला तरी उठता यावे म्हणून सिस्टर मासूमा यांना बसवले असते. परंतु मोतीबाई बोलू लागली आणि वॉर्डात बोभाटा झाला की डॉक्टरांनी बाटलीची दृष्ट काढली. काळ्याने दृष्ट टळते हे या भागात लहान मुलालाही ठाऊक. तासाभरात प्रत्येक सलाईनला काळे फडके आले. कोणी छत्री फाडली, कोणी परकर. शेजारच्या खाटेवरच्या नागूला जुलाबामुळे सलाईन भरभर द्यायचे होते. अर्जदार क्षणभर उठला असता सिस्टरांची दोन काळ्या बाटल्यांत गफलत झाली आणि त्यांनी मोतीबाईची चावी सोडली. तिचे डोळे फिरले. अर्जदाराने धावत येऊन ठिबक बंद केली, पाय उंच धरले, तेव्हा ती शुद्धीवर आली. यात सिस्टरांचा दोष नाही. अर्जदार नागूचे फडके काढू गेला, तर त्याची आई सोनुबाई अंगावर आली, "आमच्या नागूनं काय घोडं मारलंय सायेब? त्याची दृष्ट दृष्ट नाय काय?" फडके अजून तिथेच आहे, म्हणून अर्जदारही इथेच आहे.

४. मोतीबाईला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पोचवणे हा एकच मार्ग उरला आहे. आडवी खाट, बाटली टांगायचा आकडा आणि प्रवासातला ऑक्सिजन हे सर्व जीपमध्ये आहे, आणि जीप चौकच्या गॅरेजात. मिस्त्री रमजान यांचा निरोप असा: "गाडी कवाच तयार हाय. सायबाची सही आना नि घेऊन जावा." ही सही आपली. ती घेण्यासाठी अर्जदाराने जातीने हजर राहावे, असा आपला नियम आहे. महोदय, अर्जदार हजर राहिला तर मोतीबाई राहत नाही. अर्जदाराला भीती वाटते, आणि ती लपवण्यात आता अर्थ नाही.

५. शेवटची कुपी बाटलीत गेली आहे. मोतीबाईचा मुलगा गजा हा अर्ज घेऊन एस. टी.ने येत आहे. तो साहेबासमोर बोलायला लाजतो, तरी त्यास बाकावर बसवून ठेवू नये. कार्बन नसल्याने अर्ज तीन प्रतींत करता आला नाही, याची क्षमा असावी. नियमाप्रमाणे अर्ज परत आल्यास अर्जदार पुन्हा लिहील, मोतीबाईकडे मात्र दुसरी प्रत नाही.

६. आताच तिने विचारले, "सायेब, तुमाला घर हाय का नाय? जावा की वाईच." अर्जदाराने जीप येतेच आहे असे सांगितले. तेव्हापासून ती दाराकडे नव्हे, अर्जदाराकडे पाहत पडली आहे. तरी सही होणार नसेल, तर कृपया गजाकरवी तसे कळवू नये. मोतीबाईला अक्षर वाचता येत नाही, अर्जदाराचा चेहरा येतो.

पंप न सोडता लिहिणारा, आपला नम्र,
डॉ. यशवंत घारे
वैद्यकीय अधिकारी, आरोग्य केंद्र, खैरपाडा, ता. खालापूर
दि. १४ सप्टेंबर १९८२

सोबत: आधीच्या बाटलीवरचा कार्बन पेपर, पुराव्यादाखल. पाहून झाल्यावर जीपमधून परत पाठवावा.