डोळे वटारल्याच्या आरोपासंबंधी खुलासा

प्रिय धाकल्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (ते सध्या स्थगित ठेवले आहेत, रद्द केलेले नाहीत. फरक समजून घे.)

तुझा गुडघा कसा आहे? भावजयीचं पित्त थांबलं का? मुलीचं लग्न चार दिवसांवर आल्यावर कुणाचं पित्त थांबतं म्हणा, पण विचारायची रीत आहे म्हणून विचारलं. नवरी मुलगी वेळेवर जेवते ना? तिला माझ्याकडून एक गालगुच्चा. मी बरी आहे असं लिहिणार होते, पण मला खोटं लिहायची सवय नाही. मी इस्पितळात आहे आणि माझा डावा डोळा राहतो की जातो हे उद्या सकाळी कळायचं आहे. ते आपण नंतर बघू. आधी तुझ्या आरोपाचा निकाल लावते.

गेल्या आठवड्यात तू फोन केलास आणि घसा खाकरून म्हणालास, "ताई, तुला दगदग होईल गं. लग्नाच्या दिवशी तू घरीच आराम कर, दोघांना नंतर तुझ्याकडे भेटायला पाठवतो." अरे, तुझ्या त्या घशाला मी तू रांगत होतास तेव्हापासून ओळखते. तू खोटं बोलायच्या आधी तो बिचारा स्वतःहून खाकरतो. मग मी खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की नवऱ्या मुलाच्या आईची तक्रार आहे. त्या दिवशी तुमच्याकडे जेवताना मी म्हणे त्यांच्याकडे सबंध वेळ डोळे वटारून पाहत होते, एकदाही पापणी लवली नाही, आणि अशी बाई लग्नात समोर बसली तर त्यांच्या घशाखाली घास उतरणार नाही. (त्या दिवशी तर चांगला उतरत होता. मी पाहत होते ना.) मी तुला विचारलं, यावर तू काय बोललास? तर तू म्हणालास, "मी काय बोलणार ताई?" मुलाच्या आईचं मला काही लागलं नाही. तुझं हे वाक्य लागलं.

म्हणून हा लेखी खुलासा, वॉर्डबॉयच्या हाती आजच पाठवते आहे. फोनवर तू "हो ताई, हो ताई" करत रिसीव्हर बायकोच्या हातात कोंबतोस. पत्राला तसं करता येत नाही. सोबत नेत्रतज्ज्ञांचा दाखला जोडला आहे, आणि हे वाक्य लिहिताना मला किती जड जातंय हे तुला कळणार नाही. विमा कचेरीत अख्खी नोकरी मी लोकांचे वैद्यकीय दाखले नाकारण्यात घालवली. ज्या दाखल्यात विशेषणं जास्त तो खोटा, हे माझं ठाम मत होतं आणि त्याबद्दल कचेरीत मला मागून काय काय म्हणायचे तेही मला ठाऊक आहे. या दाखल्यात एकही विशेषण नाही. मी असते तर मंजूर केला असता.

आता हा दाखला मिळाला कसा, ते ऐक. मी नेत्रतज्ज्ञांकडे गेले ती माझे डोळे उत्तम आहेत असा दाखला आणायला. लोकरवाल्याच्या तोंडावर फेकायला. झालं असं, की नवरीसाठी मी लाल स्वेटर विणायला घेतला होता. (हे गुपित होतं. तुझ्यामुळे फुटलं.) पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली आणि लोकर संपली. मी त्याच दुकानातून त्याच रंगाची लोकर आणली. त्या सुमारास माझ्या डोळ्यांत सारखी वाळू गेल्यासारखं खुपायचं आणि पाणी यायचं. ती अर्थातच खालच्या मजल्यावरच्या माणसाची चूक होती, तो गॅलरीत गाद्या झटकतो. तर उजव्या डोळ्यावर ओली पट्टी ठेवून मी खुर्चीत बसले होते आणि डाव्या डोळ्यानं लोकरीची नवी लड पाहिली. लाल कसली, जुन्या विटेचा रंग! पावसानं धुतलेल्या विटेचा. पट्टी तिथेच टाकली आणि तडक दुकानात.

लोकरवाला म्हणाला, बाई, माल एकच आहे. मी म्हटलं, मला शिकवू नका. त्यानं विणलेली बाही आणि नवी लड शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही लाल. मी उजवा डोळा मिटला. दोन्ही विटकरी. उघडला, दोन्ही लाल. मी त्याला स्पष्ट सांगितलं, की काउंटरखाली हात घालून दिव्याशी चाळे करणं बंद करा. दुकानात पाच-सहा बायका होत्या, त्या हसल्या. तो वैतागून म्हणाला, "बाई, माझ्यावर डोळे वटारून काय होणार? ते डोळे जरा डॉक्टरला दाखवा!" पुन्हा तेच! एका आठवड्यात दुसऱ्यांदा. मी म्हटलं, दाखवते, आणि दाखलाच आणते, मग बघू या तुमचा माल.

नेत्रतज्ज्ञ म्हणजे आपल्या नवरीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल अशी एक मुलगी. मी खोलीत शिरले आणि तिनं अक्षरांचा तक्ता वगैरे काही दाखवला नाही. माझ्याकडेच बघत राहिली. (आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलावं, पण टक लावू नये. हिला कुणी शिकवलेलं दिसत नाही.) मग विचारते, "तुमचा जुना एखादा फोटो आहे का?" मी म्हटलं, मी डोळे तपासायला आले आहे, लग्न जमवायला नाही. तरी पर्समध्ये कचेरीचं जुनं ओळखपत्र होतं, ते दिलं. तिनं ते माझ्या गालाशी धरलं, मागे सरून पाहिलं आणि मला आरसा दिला.

धाकल्या, मी रोज आरशात बघते, पण केस विंचरायला. ओळखपत्रावरची बाई कडक होती, मान्य आहे. पण आरशातल्या बाईच्या बुबुळांच्या वर पांढरं दिसत होतं. वरची पापणी जिथे असायला हवी तिथे नव्हतीच. मला वाटलं, ही बाई कुणावर एवढी भडकली आहे? माझ्याच मनात आलं हे. मग मुलाच्या आईच्या मनात आलं तर... पण नाही, त्यांची बाजू मी घेणार नाही.

मग तिचे प्रश्न सुरू झाले. वजन उतरलंय का? उतरलंय, मी समजत होते शिंपी कपडे सैल शिवतो. उकडतं का? उकडतं, शेजारी खिडक्या बंद ठेवतात, जिन्यात हवा खेळत नाही. हात थरथरतात? कप हल्ली फार पातळ करतात. छातीत धडधड? या वयात जिने चढल्यावर काय सनई वाजेल? प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक गुन्हेगार तयार होता. ती लिहून घेत होती आणि मला दिसत होतं, की ती त्या सगळ्यांना सोडून देऊन एकालाच पकडते आहे. एकाच्या जागी दोन दिसतात का, असं विचारल्यावर मात्र पुढे करायला गुन्हेगार उरला नाही. दिसतात. एकाच्या डोक्यावर दुसरं. तुमच्याकडे जेवताना मुलाची आई मला दोनदा दिसत होती, एक खुर्चीत आणि एक तिच्या डोक्यावर. खरी कोणती, हे ठरवायला मी सबंध जेवणभर त्यांच्याकडे बघत होते. मीठ दिलं ते वरच्या बाईला दिलं, म्हणून तर ते टेबलावर सांडलं! आणि तुम्ही सगळे समजलात मी मुद्दाम सांडलं.

मग तिनं डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटलीचं लाल टोपण काढलं. उजव्या डोळ्यासमोर धरलं, विचारलं, रंग कुठला? म्हटलं, लाल. डाव्यासमोर धरलं. वीट. "उजव्याचा लाल शंभर धरला तर हा किती?" दावे तपासायची सवय, मी उदार होऊन साठ सांगितले. खरं तर पन्नासच होते. तिनं नुसती खुर्ची पुढे ओढली. डॉक्टर खुर्ची पुढे ओढतो तेव्हा काय समजायचं, हे मी शेकडो फायलींत वाचलं होतं. फायलीच्या या बाजूला कधी बसले नव्हते.

तिनं समजावलं ते असं. गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉइड. ती माझ्या बाबतीत गरजेपेक्षा जास्त काम करते आहे. (आपल्या घराण्यातलं तेवढं एकच काहीतरी जास्त काम करतं.) शरीराची रोगाशी लढणारी फौज बिथरून त्या ग्रंथीवर आणि डोळ्यांमागच्या स्नायूंवरही तुटून पडली आहे. स्नायू सुजले. मागे हाडाची खोबण, तिथे जागा नाही, म्हणून डोळा पुढे आला आणि पापणी वर ओढली गेली. हे सगळं दोन्ही डोळ्यांना. पण डाव्या डोळ्यामागे सूज इतकी आहे, की मेंदूकडे जाणारी नस तिथे दाबली जाते आहे. नस दाबली की अक्षरं धूसर व्हायच्या आधी कधीकधी लाल रंग फिका पडतो. मी म्हटलं, ठीक आहे, लग्न झालं की सोमवारी येते. ती म्हणाली, "आज." मी म्हटलं, घरी गॅसवर दूध आहे. नव्हतं. खोटं बोलले. (बघ, मघाशी लिहिलं होतं सवय नाही म्हणून.) ती म्हणाली, "शेजाऱ्यांना फोन करा, बंद करायला सांगा. तुम्ही आजच दाखल व्हायचं." त्या वेळी मी उचललेली पर्स पुन्हा खाली ठेवली, धाकल्या. आवाज न चढवता माझं ऐकत नाही असं माणूस मला फार वर्षांनी भेटलं.

जाता जाता तिनं विचारलं, हल्ली चिडचिड वाढली आहे का? या आजारात वाढते. मी म्हटलं, माझा स्वभाव ही माझी स्वतःची कमाई आहे, त्याचं श्रेय मी कुठल्या ग्रंथीला देणार नाही. मग म्हणाली, घरी विचारून सांगा. घरी कुणाला विचारू? घरी मीच असते.

तर तेव्हापासून इथे आहे. हाताला सुई, स्टँडला बाटली, रोज सूज उतरवायचं औषध सावकाश आत जातं. सकाळ-संध्याकाळ ती मुलगी टोपण घेऊन येते. काल डावा पन्नासच होता. आज सकाळी मी म्हटलं पंचावन्न, तर ती म्हणाली, "मला खूश करायला सांगू नका." मी आयुष्यात कुणाला खूश करायला काही सांगितलं नाही, आणि नेमकं त्या एका वेळी सांगत होते, ते तिनं पकडलं. शेवटची बाटली आत्ता चालू आहे. उद्या सकाळी टोपण लाल दिसलं तर घरी. नाही दिसलं तर लगेच शस्त्रक्रिया. खोबणीचं हाड थोडं कोरून सुजलेल्या स्नायूंना जागा करून देतात. नस सुटली तर नजर वाचते. शेजारच्या खाटेवरची बाई मला सारखी सांगते, काही होत नाही हो, धीर धरा. मी तिला म्हटलं, धीर मी धरलाच आहे, तुम्ही तोंड धरा. ती तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून झोपते. तिनंही वटारल्याचीच तक्रार केली असेल.

मी इथे पडल्या पडल्या एकच गोष्ट करते. उशीखाली अर्धा स्वेटर आहे, दुकानात नेलेल्या पिशवीत होता तो. उजवा डोळा मिटते आणि बघते. मग लगेच उघडते. जास्त वेळ मिटून ठेवत नाही.

तर आरोपी निर्दोष आहे. पापणी लवली नाही, कारण ती खाली येतच नव्हती. लग्नाला मी येणार नाही, ते तुझ्या सांगण्यावरून नव्हे, हे नीट लिहून ठेव.

तुझी,
ताई

ता. क. दाखला मुलाच्या आईला मोठ्यानं वाचून दाखव आणि परत पाठव. लोकरवाल्यालाही दाखवावा लागेल. मी जसा आणीन म्हणाले होते त्याच्या बरोबर उलटा निघाला आहे, पण मी दाखला आणते म्हटलं होतं, आणलाच पाहिजे.

ता. क. दुसरं. जेवताना त्या म्हणाल्या, आमचा मुलगा मला विचारल्याशिवाय एक पाऊल टाकत नाही, आणि मी म्हटलं, मग लग्नही तुम्हीच करा. ते वाक्य ग्रंथीच्या खात्यावर घालू नकोस. ते मी पूर्ण शुद्धीत आणि उत्तम प्रकृतीत म्हटलं होतं.

ता. क. तिसरं. शस्त्रक्रियेच्या कागदावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. परिचारिका म्हणाली, कुणीही चालेल. मला कुणीही चालत नाही. तुझं नाव लिहून ठेवलं आहे. सकाळी टोपण दाखवायच्या आधी ये. गुडघा दुखत असेल तर लिफ्ट आहे. नवरीलाही घेऊन ये, बाही मापून घ्यायची आहे. टोपण फार लहान असतं रे, त्यावरून माणसाला नीट ठरवता येत नाही. तिला तो अर्धा स्वेटर अंगावर धरून खिडकीत उभं राहायला सांगेन.

आणि मी तुम्हा दोघांकडे एकटक बघत राहिले, तर राग मानू नकोस. या खेपेला मला नुसतं बघायचं आहे.