पहिल्या निवडणुकीचं नाणं

४ जून
आज पुन्हा तेच. मी घरात पाऊल टाकायच्या आत सासऱ्यांचा प्रश्न – ‘आलं का ग?’ नाही आलं. औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसते मी, टांकसाळीत नाही! चपला काढल्या आणि थेट त्यांची चादर बदलायला गेले.

७ जून
बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, नाण्यांच्या अल्बममध्ये एकच कप्पा रिकामा आहे. राज्यघटनेचं नाणं आहे, तहाचं आहे, सत्तांतराचं आहे. ‘सत्तेवर बसल्याची नाणी निघतात. राजीनाम्याचं एक तरी पाहिलंस?’ असं विचारतात आणि स्वतःच हसतात. राहिलंय ते पहिल्या निवडणुकीला पन्नास वर्षं झाली त्याचं, दहाचं नाणं. त्या निवडणुकीत बाबा पोरसवदा, मतपेटीपाशी ड्युटीला होते. विकत आणायचं नाही, सुट्ट्या पैशांतून हाती यायला हवं, हा त्यांचा नियम. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते अंथरुणावरच आहेत. म्हणजे नियम त्यांचा आणि शोधाशोध माझी.

१० जून
नणंदेनं वृद्धाश्रम शोधलाय. स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत, म्हणे. बाबा सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘तेवढं एक नाणं येऊ दे, मग जातो. अल्बम पुरा करून जातो.’ नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं – जसं काही मीच लपवून ठेवलंय.

खरं सांगू? मलाही ते जायला हवे आहेत. उचलून उचलून पाठीचे तुकडे पडलेत माझ्या. हे इथेच लिहिते. बोलणार कुणाशी?

१५ जून
दमले.

१८ जून
आलं! खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या बाईनं दिलं. मतपेटी, खाली साल, सगळं बरोबर. हातात घेऊन उभीच राहिले. घरी नेलं की सुटले, एवढंच डोक्यात. तेवढ्यात मागचं गिऱ्हाईक खेकसलं, ‘ओ बाई, सुट्टे द्या की!’ आणि मी तेच नाणं त्याच्या हातावर ठेवलं. चुकून नाही. मुद्दाम.

काय करून बसले मी! मी आणलेल्या नाण्यानं ते घराबाहेर जाणार, हे मला सोसेना. आणि ते राहणार, हेही सोसत नाही.

१९ जून
‘आलं का ग?’ ‘नाही बाबा.’ वाटलं होतं हिरमुसतील. उलट एक घास जास्तच जेवले.

२४ जून
नवऱ्यानं नाणं विकत आणलं. अगदी कोरं करकरीत. मग जुनं दिसावं म्हणून किल्ल्यांबरोबर डब्यात घालून खळखळा हलवत बसला, आणि ‘पेट्रोल भरताना मिळालं’ अशी थाप मारली. एवढी मेहनत वडिलांना आंघोळ घालायला घेतली असती तर!

बाबांनी भिंग लावून उलटसुलट पाहिलं. ‘शाब्बास’ म्हणाले आणि कप्प्यात बसवलं. तो गेल्यावर मला जवळ बोलावलं. ‘विकतचं आहे. चार हातांतून गेलेलं नाणं आधी उंचवट्यावर गुळगुळीत होतं. ह्याला नुसते ओरखडे. त्याला बोलू नकोस.’

‘मग ठेवून कशाला घेतलंत?’

‘तू दमलीस ग. दिसतं मला.’

बाथरूमचा नळ सोडून रडले.

२८ जून
बॅग भरली. अल्बम न्यायला तयार नाहीत. ‘तिथं कुणाला दाखवू?’

२९ जून
वृद्धाश्रमाची गाडी दारात आली होती. मी परत पाठवली. नवरा बोलत नाहीये माझ्याशी. न बोलू दे. उद्यापासून वडिलांची आंघोळ तो घालणार, चादरही तोच बदलणार – सांगून टाकलंय.