बाबांनी ताट मागितलं

दादा,

"म्हातारपणी भूक मरतेच, बाबांच्या मागे लागू नकोस," असं तू म्हणालास. खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं.

पण वजन एकेचाळीस किलोवर आलं आणि डॉक्टरांनी केमो थांबवली. "अंगात ताकद नाही, औषध सोसणार नाही," म्हणाले. मग आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं तसं मी दर दोन तासांनी वाटीभर मऊ भात, अंडं, दूध देऊ लागले. बाबा चिडायचे, "मी काय तान्हं बाळ आहे?" पण मीही शिंप्याची लेक, टाका सोडते होय!

आज काटा चव्वेचाळीसवर गेला. सोमवारी केमो पुन्हा सुरू! घरी येताच बाबांनी स्वतःहून ताट मागितलं.

हे पत्र मी पाठवणार नाही. बाबा म्हणतात, "त्याला मीच फोन करतो. आवाज ऐकू दे माझा!"

तुझी हट्टी,
धाकटी