त्या बाईला मी पत्ता सांगितला होता

प्रिय मानसचे बाबा,

आधी हे सांगते की घरात सगळे जिवंत आहेत. हे वाचून मगच पुढे वाचा. दर शुक्रवारी फोनवर बोलतो, मग ही चिठ्ठी कशाला, असं तुम्हाला वाटेल. श्रीपादभाऊ सुट्टी संपवून मस्कतला परत निघाले, त्यांच्या हाती देऊन राहिले आहे. त्यांना सगळं माहीत आहे. मीच त्यांना सांगितलं की चिठ्ठी कामावर देऊ नका, खोलीवर द्या आणि हे वाचेपर्यंत जवळ बसा. तर एकट्याने वाचू नका. मी आठवी शिकलेली बाई, मला नीट जुळवून लिहिता येत नाही. जसं आठवेल तसं लिहिते. मानस आत्ता माझ्या पायाशी झोपला आहे, दुपार आहे, आई सरोजिनी काकूंकडे गेल्या आहेत, म्हणून वेळ सापडला.

तुम्हाला आठवतं ना, तो फोनचा डबा घरात आला तेव्हा किती खुशी होती. मिल बंद पडली, भोंगा बंद झाला, तरी मामंजी भोंग्याच्या टाइमाला उठून जेवणाचा डबा भरायला सांगायचे आणि मग आठवून परत आडवे व्हायचे. मग तुम्ही तिकडे गेलात. तुमच्याशी बोलायचं म्हणजे एसटीडीच्या दुकानात मीटरकडे बघत बोलायचं, अर्ध्यातच ठेवून द्यायचं. मग नाक्यावरच्या सायबर कॅफेवाल्या शाम भियाने छतांवरून तार ओढून तो नेट-फोनचा डबा बसवला. म्हणाला, "भाभीजी, इसपे तो अमेरिका लग जाए, मस्कत क्या चीज है!" तुम्हीच म्हणालात की आता सरकारी फोन ठेवून काय करायचं, परत करून टाका. मामंजी तो काळा फोन रुमालात बांधून ऑफिसात देऊन आले. शाम भियाने डब्याच्या वर भिंतीला आपल्या दुकानाचं कार्ड चिकटवलं. वर त्याचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली पोलीस एकशे, आग एकशे एक, अँब्युलन्स एकशे दोन. मानस त्या फोनला "बाबा" म्हणायचा. तुम्हाला नाही, फोनलाच. घंटी नसली तरी त्याच्यापाशी जाऊन बसायचा, "बाबा, बाबा" करायचा आणि रिसीव्हरला पापी द्यायचा. रिसीव्हर नेहमी चिकट असायचा.

त्या डब्यावरून इंदूरातले नंबर लागत नाहीत हे मला माहीत होतं. खोटं कशाला बोलू. लोकल लावायचा असला की आपण चार घरं सोडून सरोजिनी काकूंकडे जायचो. पण एकशे दोन तर सरकारचा, फुकटचा. मागे आपलं बिल राहिलं होतं आणि फोन कापला होता, तेव्हा मामंजीच म्हणाले होते की कापलेल्या फोनवरूनही हे नंबर लागतातच, त्यांना कोणी अडवू शकत नाही. आणि भिंतीवर तर लिहिलेलंच होतं. मग मला काय कळणार?

आता सांगते. खंडेनवमीचा दिवस. मामंजी मिलमध्ये होते तेव्हा त्या दिवशी मशीन बंद ठेवून कुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे, पेढे वाटायचे, ते तुम्ही लहानपणापासून बघितलं आहे. मिल गेली तरी त्यांची पूजा गेली नाही. ह्या वर्षी त्यांनी शिलाईची मशीन पूजली, तुमच्या हत्यारांतले पाने-पेचकस पूजले, आणि मग त्या डब्यालाही हळदकुंकू लावलं. आई हसल्या, म्हणाल्या, "अहो, टेलिफोनची कसली पूजा?" मामंजी म्हणाले, "पोराची खबर ह्याच्यातून येते. मशीन नाही तर काय आहे?" डब्यासमोर विड्याचं पान ठेवलं, पानावर सुपारी ठेवली. मग दोघं देवीच्या दर्शनाला गेले. मी आत पुऱ्या लाटत होते. बाहेर मानस फोनपाशी बसून "बाबा, बाबा" करत होता, मला तो आवाज येत होता. मग तो आवाज बंद झाला. आवाज बंद झाला म्हणूनच मी बाहेर आले.

पानावर सुपारी नव्हती. मानसचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. रडणंही नाही. ओठ जांभळे झाले होते. मी त्याला उलटा केला, पाठीवर मारलं, बोट घातलं, काही निघेना. मग मी त्याला कडेवर धरून एकशे दोन लावला. तिकडून लगेच एक बाई बोलली. इंग्लिशमध्ये बोलली, गोड आवाज. मला वाटलं मोठ्या दवाखान्यातली आहे. मी तिला सगळं सांगितलं. मराठीत सांगितलं, मग हिंदीत सांगितलं. बच्चे के गले में सुपारी है, छत्रीबाग, पुलिया के पास, शाम भिया के दुकान की गली, जल्दी भेजो बाई. ती मध्ये मध्ये बोलतच होती. मला वाटलं, पुन्हा विचारून राहिली आहे, तर मी पुन्हा पत्ता सांगितला. शेवटी ती थँक्यू म्हणाली. एवढं इंग्लिश मला कळतं. थँक्यू म्हणाली म्हणजे काम झालं, गाडी निघाली.

मी मानसला घेऊन नाक्यावर धावले. धावताना सरोजिनी काकूंच्या दारावरून गेले. दार उघडं होतं. त्यांचा सरकारी फोन मला बाहेरून दिसला, त्यावर तो विणलेला रुमाल असतो ना, तोही दिसला. मी आत गेले नाही. गाडी येणारच होती, मग कशाला जाऊ? मी नाक्यावर उभी राहिले. मानसच्या घशातून मधूनच शिटीसारखा बारीक श्वास जात होता. पांढरी गाडी दिसली की हात करायचे. एक दुधाची निघाली, एक लग्नवाल्यांची. लोक जमले, कोणी पाणी पाज म्हणालं, कोणी केळं खाऊ घाल म्हणालं. मी सगळ्यांना सांगत होते, हटो, अँब्युलन्स येऊन राहिली आहे, मी फोन केला आहे. एक टेम्पोवाला स्वतः थांबला, म्हणाला, "बैठ जा बेन, मैं छोड़ देता हूं." मी त्याला नको म्हणाले. मानसचे बाबा, मी त्याला नको म्हणाले. म्हटलं मी गेले आणि गाडी आली तर?

तो टेम्पोवाला गेला नाही, हे देवाचे उपकार. तिकडून मामंजी आणि आई आले. मामंजींनी मानसचं तोंड बघितलं आणि काही न विचारता मला दंडाला धरून टेम्पोत टाकलं. माझ्या सासऱ्याने आजवर मला बोट लावलेलं नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी नळी घालून सुपारी काढली. श्वास परत आला, रंग परत आला. मी डॉक्टरांचे पाय धरले. ते म्हणाले, "बच्चा बच गया, पर देर हो गई थी." देर म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं नाही. त्याला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. तेव्हा तुम्हाला फोन आला नाही आणि तुम्ही नंतर चिडलात ना, की डबा बिघडला होता तर शाम भियाला का नाही सांगितलं? डबा बिघडलेला नव्हता. तुम्हाला काही सांगायचं नाही, अशी आईंनी मला मानसच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली होती. म्हणाल्या, पोरगा परक्या मुलखात एकटा आहे, उंचीवर काम करतो, ऐकून पाय घसरला तर?

घरी आलो आणि मग वेगळंच सुरू झालं. आई मामंजींना बोलायला लागल्या. "मशीन गेली तरी ह्यांची पूजेची हौस जात नाही. कुंकू भरलं आत, म्हणून फोन बिघडला. सुपारी पण ह्यांचीच." मामंजी जेवायचे नाहीत. ताटावर बसायचे आणि उठायचे. त्यांनी तो डबा खोलला, एकेक पेच काढून कापसाने पुसला, मिलची मशीन पुसायचे तसा. मला तर वाटायचं माझीच हिंदी चुकली, बाईला गल्ली कळली नाही, गाडी दुसऱ्याच गल्लीत फिरत बसली असेल. मी रोज मनात तिला पुन्हा पत्ता सांगायचे. शेवटी सरोजिनी काकू आल्या, त्या शाळेत शिकवायच्या. म्हणाल्या, लाव बरं एकशे दोन, मला ऐकू दे. मी लावला. काकूंनी ऐकलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी घाबरले. म्हणाल्या, "सुलोचना, ही बाई नाही गं. ही टेप आहे. ती म्हणते, ह्या सेवेत हा नंबर मिळत नाही. कॉल केल्याबद्दल थँक्यू."

मी कोणाशी बोलले होते हो? मी कोणाला पत्ता सांगितला?

मामंजी दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या नेट-फोनच्या कंपनीच्या ऑफिसात गेले. काचेचं दार, थंड हवा, टाय लावलेला पोरगा. मामंजी म्हणाले, "डब्बा खराब है क्या?" पोरगा म्हणाला, "नहीं अंकल, बिल्कुल ठीक है. इसमें इमरजेंसी नंबर आता ही नहीं." म्हणजे कधीच येणार नव्हता. कुंकवाने नाही, कशाने नाही. मामंजींनी विचारलं, मग आम्हाला सांगितलं का नाही? तो म्हणाला, कागदावर लिहिलेलं आहे. कागद इंग्लिशमध्ये. आणि म्हणाला, "हम पर ऐसा कोई कानून नहीं लगता अंकल. ये टेलिफोन नहीं है, इंटरनेट की सर्विस है." मामंजी म्हणाले, "टेलिफोन नहीं है तो नाम में फोन काहे को लिखा भिया?" आसपासचे हसले. मामंजी नाही हसले. ते मिलमध्ये असताना कसे बोलायचे, तसे खूप वर्षांनी बोलले. म्हणाले, "हमारी मिल में रेत की बाल्टी खाली मिल जाती तो इंस्पेक्टर मालिक का गला पकड़ता था. आग लगे न लगे, बाल्टी भरी रखने का कानून था. तुम्हारी बाल्टी कहां है?" तो पोरगा घड्याळाकडे बघायला लागला. बाहेर आल्यावर मामंजी पायरीवर बसले आणि रडले. मला म्हणाले, "पोरी, माझ्या पूजेने नाही झालं ना?" मी म्हटलं, नाही मामंजी. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

दत्तोपंत वकिलांकडेही गेलो. ते म्हणाले, अशा फोनवाल्यांना एकशे दोन द्यायलाच पाहिजे असं अजून कुठे लिहिलेलं नाही. पण गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत सांगायला पाहिजे होतं, आणि घरात तसं कार्ड तर लावायलाच नको होतं, एवढ्यावर ग्राहक कोर्टात उभं राहता येईल. शाम भियाला विचारलं तर म्हणतो, "कार्ड तो सबके यहां लगाते हैं भाभी, एडवर्टाइज है." पण तोही हादरला आहे. नजरेला नजर देत नाही. मामंजी कोर्टात जाणारच म्हणतात. त्यांनी ते कार्ड भिंतीवरून काढू दिलेलं नाही.

आता जे लिहायला हात धजत नाही ते लिहिते. मानस चालतो, खातो, माझ्या मागे मागे फिरतो. पण बोलत नाही. त्या दिवशी "बाबा" बंद झालं ते बंदच आहे. डॉक्टर म्हणतात डोक्याला हवा कमी पोचली, कदाचित येईल बोलणं, कदाचित नाही. म्हणून दर शुक्रवारी तो झोपलेला असायचा, नाही तर खेळायला गेलेला असायचा. आणि मागच्या शुक्रवारी तुम्ही हट्टच धरलात, तेव्हा आईंनी सरोजिनी काकूंची नात उर्वी, तिला लाडू देऊन फोनपाशी आणलं. "बाबा" म्हणाली ती उर्वी होती. तुम्ही किती खुश झालात. म्हणालात, किती साफ बोलायला लागला माझा पोरगा. मी तिथेच उभी होते, मानस माझ्या कडेवर होता. आणि त्याच खुशीत तुम्ही म्हणालात की देपालपुरला इंदूताईकडेही असाच डबा बसवतो, शाम भियाच्या साडूकडे पैसे भरले, संक्रांत झाली की तार येईल, त्यांचा सरकारी फोन परत करून टाकू द्या. तुमच्या बहिणीला सातवा लागला आहे. जावई दिवसभर मंडीत, घरात म्हातारी सासू. मी काकूंकडून देपालपुरला फोन केला, नको म्हटलं, तर जावई हसले, म्हणाले, "जयेशने भरले आहेत, तोच नाही म्हणेल तर नाही." आणि इंदूताईला ह्या हालतीत खरं कसं सांगू? म्हणून तुम्ही सांगा. चिठ्ठी वाचून उठा आणि आधी तो फोन करा, बाकी रडणं नंतर. शपथ मी मोडली. आईंना मीच सांगेन. ह्या शुक्रवारी आम्ही फोन लावू तेव्हा उर्वी नसेल. मानसला मांडीवर घेऊन मी रिसीव्हर त्याच्या कानाला लावेन. तिकडे काही ऐकू आलं नाही तर फोन बिघडला असं समजू नका. तो ऐकून राहिला असेल. तुम्ही बोलत राहा.

तुमचीच,
सुलोचना