रांजणातले गोटे

कुंडवाडी, ता. पारनेर
१२ मे १९९६

तीर्थरूप जालिंदरमामांना,

कानिफनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आणि शिर्डीचं हारफुलांचं दुकान दोन्ही ठीक असतील, अशी आशा आहे. इकडे मी सोडून सगळे खुशाल.

मामा, मी सरपंच झालो तिथंच चुकलं. आपल्या नदीच्या कातळात पाण्यानं कोरलेले रांजण आहेत ना, ते बघायला जानेवारीत भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक आले. म्हणाले, असा ठेवा फार थोड्या ठिकाणी आहे, जपलात तर पर्यटक येतील, गावाचं भलं होईल. मेमध्ये सरकारी साहेबांना घेऊन येतो. तेवढ्यावर रंगुबाईनं (जी एरवी पाहुण्याला पाणी विचारत नाही) काठावर पिठलं-भाकरीसाठी छप्पर घातलं. पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडं आधी झाडलोट. रांजणांच्या तळाशी गुळगुळीत गोल गोटे होते, तेही आम्ही कचरा म्हणून बाहेर काढले. पण इतका देखणा दगड टाकवतो कोणाला? कोणीतरी एकाला शेंदूर लावला, आणि दुसऱ्या दिवशी घरोघर देवघरात गोटा. उरलेले यात्रेच्या सत्कारात नारळाबरोबर वाटले.

परवा प्राध्यापक साहेबांना घेऊन आले, रिकाम्या रांजणात डोकावले आणि कातळावर मटकन बसले. म्हणाले, "अहो, पुरात हे गोटेच गरगर फिरून रांजण कोरत होते." साहेबांनी बजावलं, पावसाळ्याआधी गोटे जागेवर दिसले तरच पर्यटनस्थळासाठी शिफारस. मला फार वाईट वाटलं. हजारो वर्षं चाललेलं नदीचं काम आम्ही एका सकाळीत बंद पाडलं, तेही हौसेनं.

आता दारोदार फिरतोय, पण पूजेतला देव कोण देणार? रंगुबाईला म्हटलं, नदीत सोडायचा म्हणजे विसर्जनच की. ती म्हणाली, "इसर्जन गनपतीचं आस्तं. ह्यो कायमचा बसलाय. आन् तुमी सरपंच हायेत, गुरव न्हाई." तिच्या छपरात माझ्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं, तरी.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
कानिफनाथ

ता. क. – यात्रेत तुमच्या सत्काराला दिलेला गोटा गल्ल्याशेजारी असेल. तो नगरच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यावा. शिर्डीत तुम्हाला देवाची काय कमी?

पुन्हा ता. क. – आमच्या देवघरातला अजून तिथंच आहे. तो आल्यापासून आईला झोप लागते. आज उचलायला गेलो, तर तिनं त्याला नुकतीच अंघोळ घातली होती. मी हात जोडून परत आलो. तुमचा तरी पाठवा.