हातात मावणारी बॅटरी

अण्णा, काल धाकटा दुकानात आला होता. जालन्याला त्याचं गॅरेज आता जोरात चाललंय. जुन्या मोटारसायकली उघडून तो गिऱ्हाइकाला हव्या तशा बांधून देतो आणि लोक हौसेनं घेतात. या वेळच्या गाडीला त्याला छोटी, हलकी, नव्या लिथियमची बॅटरी हवी होती, सीटखाली दडून जाईल अशी. तिच्यासाठीचा डबा त्यानं आधीच वेल्डिंग करून ठेवला होता, आपल्या जेवणाच्या डब्याएवढा. आधी डबा आणि मग बॅटरी. हे मी केलं असतं तर तुम्ही चारचौघांत झापलं असतं. त्याच्या मात्र पाठीवर हसत थाप मारली असती. मी जळतो त्याच्यावर, अण्णा. पन्नाशीला आलो तरी जळतो.

शहागडच्या या रस्त्यावर ट्रक थांबला की तुम्ही खुर्चीतून न उठता म्हणायचात, "तू उचल. तुझ्या अंगात ताकद हाय. त्याला हितंच बसू दे." मी ट्रकची बॅटरी पोटाशी धरून आणतोय, ॲसिड उडून सदऱ्याला भोकं पडताहेत, आई त्यांना ठिगळं लावतेय. आणि तो तुमच्या शेजारी स्टुलावर बसून ॲसिड तपासायची काचेची नळी डोळ्यांपुढे धरतोय. तुम्ही त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवता. मी ती नळी वाचायला शिकलो ते तुम्ही जेवायला घरी गेल्यावर, माझा मीच. पुढं ती नळीही तुम्ही त्यालाच दिलीत. आता ती त्याच्या गॅरेजात काचेच्या कपाटात आहे. मला दुकान दिलंत, खरंय. पण दुकान थोरल्याकडे जातंच. ते काही तुम्ही माझ्याकडे बघून दिलं नव्हतं.

त्याच्या डब्यात सगळ्यात लहान बॅटरीच बसत होती. ती विकली असती तर थंडीतल्या एखाद्या सकाळी गाडी सुरूच झाली नसती आणि गिऱ्हाइकासमोर त्याचं तोंड पडलं असतं. खोटं कशाला बोलू, ते पडलेलं तोंड मी डोळ्यांसमोर आणलं आणि मला बरं वाटलं. मग विचारलं, किक ठेवलीय का. नाही म्हणाला, नुसता सेल्फ.

"मंग ही न्हाई चालायची," मी म्हटलं. "डबा काप अन् हिच्या वरच्या मापाची घे. रेग्युलेटरबी बदल, जुना हिला जाळून टाकील."

मला वाटलं वाद घालेल. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं, भाऊ. मला नुसती अण्णांची नळी वाचता येती. हिच्यात तर पाणीच न्हाई."

ती वरची बॅटरी मी तळहातावर घेतली. किलोभर ज्वारीएवढी भरली असेल. तेव्हा तुमचा फार राग आला. अशा बॅटऱ्या त्या वेळी असत्या तर उचलायला माझी गरजच पडली नसती, आणि तुम्हाला मलाही कुठंतरी बसवावं लागलं असतं, दुसऱ्या बाजूच्या स्टुलावर. धाकट्यानं घ्यायला हात पुढे केला, पण मी दिली नाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्याच्या गाडीपर्यंत मीच नेली. ही काय ट्रकची आहे का, म्हणून तो हसला.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, गल्ल्यातच राहील. एक तेवढं सांगायचं राहिलं. ती बॅटरी घेऊन पायरी उतरताना मी मागं वळून तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं होतं. तुम्ही बघताय का, म्हणून.