ब्रेक बसवलेल्या ट्रेलरची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, धंद्याने गाड्यांच्या सीट शिवणारी, वय वर्षे सदुसष्ट, माझ्यामागे कोणाला काय मिळावे हे या कागदाने राजीखुशीने ठरवून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मुलाने तो दोनदा मागितला, म्हणून सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला लागणारी फुरसतही या घरात कोणाला नाही.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. माझे यजमान झटका आल्यापासून पुढच्या खोलीत खाटेवर आहेत. उजवे अंग आणि वाचा गेली. कान आणि नजर शाबूत आहे. घरात राहण्याचा त्यांना तहहयात हक्क राहील. त्यांची खाट खिडकीपासून हलवू नये. जाऊबाई भेटायला येतात तेव्हा “डोळ्यांवर उजेड येतो” म्हणून ती कोपऱ्यात सरकवतात. उजेड त्यांना हवा असतो. जाऊबाईंना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, आणि हे नजरचुकीने झालेले नाही.

२. शिलाई मशीन, कात्र्या आणि रेक्झिनचे ताके विकून येईल ते यजमानांच्या औषधपाण्याला लावावे. माझ्या उजव्या हाताची बोटे आता मिटत नाहीत, त्यामुळे मशीन माझ्या उपयोगाचे नाही आणि या कागदावरची सहीही डाव्या हाताची आहे. हात कसा गेला ते लिहिणे भाग आहे, कारण पुढची वाटणी त्यावरच ठरली.

३. यजमान क्रेन चालवायचे. निवृत्तीच्या तोंडावर त्यांनी एक जुना ट्रेलर आणला. चाकांवरची खोलीच ती. आत दोन खाटा, ओटा, मागे मोठी काच. म्हणाले, “निवृत्त झालो की निघायचं. परत कधी येणार ते कुणाला सांगायचं नाही.” मी पडदे शिवले. निघण्याआधीच त्यांना झटका आला. तेव्हापासून ट्रेलर अंगणात आणि आम्ही घरात, सगळेच जागच्या जागी. त्यांना भरवायचे, पुसायचे, कूस बदलून द्यायची. कोपऱ्यावरून दूध आणायचे तरी कोणाला तरी बसवून जायचे. हे खिडकीतून ट्रेलरकडे बघायचे आणि मग माझ्याकडे.

एक दिवस मी म्हटले, घरातल्या खाटेवर निजतात तर ट्रेलरमधल्या खाटेवर का नाही? मुलगा म्हणाला, “आई, आपली जीप जुनी आहे. उतारावर ब्रेक दाबशील तेव्हा जीप थांबेल, ट्रेलर नाही थांबणार. तोच तुम्हाला ढकलत नेईल.”

बोलणे खरे होते. नाक्यावरच्या स्पेअर पार्टवाल्यांनी उपाय सांगितला: ब्रेक कंट्रोलर. हा डबा ट्रेलरच्या पुढच्या लोखंडी पट्टीवर बसवायचा आणि त्यातून चाकांच्या ब्रेकपर्यंत वायर न्यायची. जीप थांबू लागली की तो ट्रेलरचेही ब्रेक लावतो. “मी येऊन बसवून देतो,” ते म्हणाले. मी म्हटले, “नको. घरात बसून बसून हात शिवशिवतायत. मीच बसवते.”

मी गंज घासला, चॅसीच्या सांगाड्याला भोके पाडली, उघड्या लोखंडाला रेड ऑक्साइड लावला आणि डबा बोल्टांनी आवळला. हे खिडकीतून बघत होते. मग वायर चाकांच्या आसापर्यंत न्यायला जॅक लावून मी खाली शिरले. जमीन ओली होती. जॅक रुतत गेला ते मला कळले नाही. चॅसी खाली आली आणि माझा हात ती आणि आस यांच्या मध्ये सापडला.

मी ओरडले. सूनबाई मागच्या बाजूला कपडे धूत होती, मशीनच्या घरघरीत तिला काही ऐकू गेले नाही. पडल्या जागेवरून मला खिडकीत ह्यांचा चेहरा दिसत होता. बघता बघता तो दिसेनासा झाला. मला वाटले, बघवले नाही म्हणून मान फिरवली. तेवढ्यात घरात धप्पकन आवाज झाला. धड अंगाच्या जोरावर त्यांनी स्वतःला खाटेवरून लोटून दिले होते.

तो आवाज ऐकून सूनबाई धावत आली. ती उचलू लागली तर त्यांनी तिला डाव्या हाताने ढकलले आणि खिडकीकडे बोट केले. तिने जीपचा जॅक आणला, खाली फळी टाकली आणि माझा हात सोडवला.

ह्यांच्या खुब्याचे हाड मोडले. डॉक्टर म्हणाले, “आता यांना गाडीतून कुठे न्यायचं नाव काढू नका.” मुलाने ट्रेलर विकायला काढला.

त्यानंतर एका दुपारी ह्यांना भरवता भरवता सूनबाई म्हणाली, “आई, विकायच्या आधी एकदा मी घेऊन जाऊ?”

“कुठे?”

“माझ्या आईकडे. एकटी असते ती. मी विषय काढला की हे म्हणतात, बाबांचं कोण करणार?”

लग्नाआधी ती शाळेची गाडी चालवायची. इथे आल्यापासून तिने फाटकाबाहेर गाडी काढलेली नाही. तिच्या हातात ह्यांचा चमचा होता. माझ्यामागे तो कोणाच्या हातात राहणार, हे मला तिथेच दिसले.

राहिलेल्या वायरी तिने जोडल्या, मी सांगत गेले. या वेळी चॅसीखाली लाकडी ठोकळे लावले होते. मग तिने अंगणात जीप पुढे घेऊन ब्रेक दाबला. ट्रेलर जीपला धक्का न देता थांबला. खिडकीत हे अर्ध्या तोंडाने हसले.

४. सबब जीप व ट्रेलर सूनबाईचे. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. कागद तिच्या नावावर झाले आहेत आणि ती येत्या शनिवारी निघत आहे. पुढे मुलाने वाद काढू नये, एवढ्यासाठी येथे नोंद.

५. यजमानांच्या पश्चात घर मुलाचे. अट अशी की, वडिलांना भरवणे, पुसणे आणि कूस बदलणे त्याने स्वतः करावे. मदतीला पगारी माणूस ठेवल्यास हरकत नाही. बायकोला ठेवल्यास हरकत आहे. अट मोडल्यास, ह्यांच्यामागे घर विकून अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्या संस्थेला द्यावे.

हे मुलाला वाचून दाखवले. तो म्हणाला, “म्हणजे नोकरी करून उरलेला वेळ मी इथे अडकून पडायचं?”

मी म्हटले, “मग आम्ही दोघी काय करत होतो?”

तो उठून वडिलांची कूस बदलायला गेला. नको त्या बाजूला बदलली, पण बदलली.

६. मी स्वतः कुठेही जाणार नाही. हे इथे आहेत तोवर मीही इथेच. ही तक्रार आहे, आणि ती तक्रार म्हणूनच नोंदवावी.

७. मी गेल्यावर सूनबाईला फोन करावा. “असशील तशी निघ” असे तिला कोणीही म्हणू नये. कुठवर पोहोचलीस, एवढे विचारावे आणि फोन ठेवावा.

वरील सर्व मी वाचले, मला समजले आणि मान्य आहे.

सही: (लिहून देणार)

आमच्या दोघांच्या समोर बाईंनी सही केली, बाईंसमोर आम्ही केली. आम्हाला यातून काही मिळत नाही.

साक्षीदार:
१. (सही) नाक्यावरचे स्पेअर पार्टवाले
२. (सही) घरी येणारे डॉक्टर

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: चौदा नोव्हेंबर, गुरुवार